मामाने फळ्यावर लिहिलेलं गणित



कोल्हापुरात आमच्या शाहूपुरीत वाढदिवसाची भेट घ्यायला खेळण्यांच्या दुकानात गेलं की दुकानदार दोन गोष्टी विचारतो. पोरगं केवढं आहे आणि कितीपर्यंतचं दाखवू? त्याला तेवढं पुरतं. देणाऱ्याला मात्र आणखी एक ठाऊक असायला हवं : ते पोरगं सध्या कशात रमलंय? कुणी मुंग्यांच्या रांगेमागे फिरत असतं, कुणी घरातलं घड्याळ उघडायला टपलेलं असतं, कुणाला दिवसभर नुसतं चिखलात बसायचं असतं. मला वाटतं, भेट तिथून सुरू होते. आणि भेट हातात पडल्यावर मुलाला तिच्यात करायला काहीतरी उरलं पाहिजे.

याचं उदाहरण आपल्या कोल्हापूरच्याच माणसाचं आहे. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा जन्म इथला, १९ जुलै १९३८चा. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, त्यामुळे जयंतरावांचं बालपण बनारसला गेलं. आजोळ हुजूरबाजारांचं. आईचे भाऊ मोरेश्वर हुजूरबाजार, म्हणजे घरातले मोरूमामा, एम. एस्सी. करायला बनारसला आले आणि बहिणीच्याच घरी राहिले. घरात मुलांना लिहायला भिंतीवर फळे होते. मोरूमामा फळ्यावर एखादं अवघड गणित नाहीतर कोडं लिहून ठेवायचे आणि वर मथळा द्यायचे, की हे ‘जेव्हीएन’साठी आव्हान आहे. जेव्हीएन म्हणजे जयंत विष्णू नारळीकर, त्या वेळी शाळकरी पोर. भाच्याला उत्तर सापडेपर्यंत, नाहीतर तो हार मानेपर्यंत, ते गणित फळ्यावर तसंच राहायचं. गणितं शाळेच्या पुस्तकाबाहेरची असायची. पुढे हा भाचा १९५९ साली केंब्रिजला रँग्लर झाला आणि नंतर फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्याने गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला. मोरूमामांच्या त्या गणितांची आठवण नारळीकर सर मोठेपणीही आवर्जून सांगत.

मामाने गणितं घातली म्हणून भाचा शास्त्रज्ञ झाला, इतकं सरळ ते नसतं. वडील गणिती, आई संस्कृत जाणणारी, घरच तसं होतं. पण त्या फळ्यावरच्या भेटीत काय काय होतं ते पाहा. भाच्याची झेप कुठवर जाईल याचा मामाला नेमका अंदाज होता. खडूपलीकडे खर्च नव्हता. उत्तर सांगून टाकायची घाई नव्हती. आणि एका शाळकरी पोराला मामाने मोठ्या माणसासारखं आद्याक्षरांनी पुकारलं होतं, बरोबरीच्या नात्याने आव्हान दिलं होतं. मला यातलं सगळ्यांत मोलाचं हे शेवटचं वाटतं. मुलाला कुणीतरी गंभीरपणे घेतलंय, हे त्याला लगेच कळतं.

पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्राच्या संस्थेचे नारळीकर संस्थापक संचालक. तिथल्याच मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी कितीतरी वर्षं टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवली. त्यातलं एक घरी सहज जमेल. काडेपेटीच्या काड्यांचं गूल मोठ्या माणसाने आधी खरवडून टाकायचं. सायकलच्या दुकानातून व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणून तिचे छोटे तुकडे करायचे आणि त्यांनी काड्या जोडायच्या. त्रिकोण केला की तो घट्ट उभा राहतो. चौकोन केला की कलंडतो. चौकोनात तिरपी काडी घातली की तो का सावरतो, हे आठ वर्षांचं मूल आपलं आपण शोधतं. नंतर रस्त्यातून जाताना विजेचा मनोरा दिसला की तेच तुम्हाला थांबवून त्यातले त्रिकोण दाखवतं. एका डब्यात काड्या आणि नळीचे तुकडे भरून द्या. मी अशी भेट देताना मुलाशेजारी बसून पहिला चौकोन त्याच्याबरोबर करते.

लहानग्यांसाठी तर आपल्याला शाहूपुरीबाहेर जायलाच नको. कुंभार गल्ली इथंच आहे. बेंदराला मातीचे बैल, मग गणपती, दिवाळीत किल्ल्यावरचे मावळे. या गल्लीत माती वर्षभर कुणाच्या ना कुणाच्या हातात असते. पाच-सहा वर्षांच्या मुलाला शाडूचा एक गोळा, खाली घ्यायला लाकडी फळी, माती ओली ठेवायला फडकं एवढं द्यावं आणि त्याआधी गल्लीतून एक फेरी मारून आणावी. कारागिराचा अंगठा बैलाचं वशिंड कसं काढतो ते मूल टक लावून बघतं. घरी आल्यावर त्याचा बैल बैलासारखा दिसणार नाही. दिसावा म्हणून आपण हात लावू नये, ही एकच विनंती. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, तेव्हापासून ही गोष्ट या गावाला सांगितली जाते आहे : मूल स्वतःच्या हाताने, स्वतःच्या प्रश्नातून शिकतं. शाळेपुरतं हे पटतं, मग वाढदिवसाच्या दिवशीच आपण ते का विसरतो?

पुस्तकांविषयी थोडंच बोलते, कारण पुस्तक द्यावं हे सगळ्यांनाच मान्य असतं. जाडजूड, उपदेशाने भरलेलं पुस्तक देऊ नका. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं पाहा. चित्रंही त्यांचीच, आणि त्यातली घरं, आज्या, मांजरं आपल्याकडची आहेत. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतंय. वर्गणी मुलाच्या नावाने भरा. पाकिटावर स्वतःचं नाव छापलेलं पाहून दहा वर्षांचं मूल हरखून जातं. आपलं करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय तर १८५०चं. वाचणाऱ्या मुलाला एखाद्या ग्रंथालयाची वर्षाची वर्गणी हीसुद्धा भेटच.

अलीकडे परतभेटीची, रिटर्न गिफ्टची, मोठी चढाओढ लागली आहे. त्यापायी काही आया आपल्या पोरांना शेजारच्या वाढदिवसाला पाठवायलाच कचरतात, कारण उलट तेवढं देणं त्यांना झेपत नाही. हे मला फार लागतं. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांनीच हे थांबवावं. मुलांना पोटभर खाऊ द्या, खेळू द्या आणि रिकाम्या हाताने हसत घरी जाऊ द्या.

आणि वस्तू काहीच सुचली नाही, तर एक दिवस द्या. पन्हाळा, टाऊन हॉलचं वस्तुसंग्रहालय, पंचगंगेचा घाट, जिथं त्या मुलाला जायचंय तिथं. चिठ्ठीवर ठिकाण लिहा, खाली सही करा, तारीख घाला. तारीख मात्र तुम्हाला नक्की जमेल तीच घाला, कारण मूल त्याच संध्याकाळी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिच्याभोवती गोल काढून ठेवणार आहे.