महारोहिणीकडे जाणाऱ्या पर्यायी वाटा

(वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



उदरातील महारोहिणीचा व्यास सामान्यतः २ सें.मी.च्या आसपास असतो. तो ३ सें.मी. झाला की त्यास विस्फार म्हणतात. आणि पुरुषांत ५.५ सें.मी.च्या पुढे गेल्यास ती फुटण्याचे भय शस्त्रक्रियेच्या भयाहून मोठे ठरते. फुटल्यावर बहुतेक रुग्ण दगावतात.

पूर्वी पोट उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९८७ साली खारकिव्ह येथे निकोलाय वोलोदोस यांनी छातीतील, तर १९९० साली ब्वेनोस आयरिस येथे हुआन पारोदी यांनी उदरातील महारोहिणीत, जांघेतील रोहिणीवाटे अस्तर-नळी बसविली आणि नवे युग सुरू झाले.

तथापि ही वाट प्रत्येकास मोकळी नसते. मिटलेली नळी ज्या आवरणातून न्यावयाची, ते साधारणतः ५ ते ८ मि.मी. जाड असते. स्त्रियांच्या रोहिणी मुळातच अरुंद. वार्धक्य व धूम्रपान यांमुळे त्या चुनखडीसारख्या कठीण आणि नागमोडी होतात. तेथे बळजबरी केल्यास श्रोणि-रोहिणी फाटते, आणि आवरण मागे घेताच रक्तस्राव उघड होतो.

मग पर्याय कोणते? पहिला, कुशीत छेद देऊन, उदरपोकळी न उघडता, श्रोणि-रोहिणीस १० मि.मी.ची डॅक्रॉनची नळी शिवणे व तीतून आत जाणे. दुसरा, काखेतील वा मानेतील रोहिणी. मात्र येथे मेंदूस इजा होण्याचा धोका ध्यानी घ्यावा लागतो. तिसरा, छाती उघडून हृदयाच्या टोकातून, तो क्वचितच. चौथा विलक्षण आहे: जांघेतील नीलेतून अधोमहानीलेत जाऊन तेथून शेजारच्या महारोहिणीत छिद्र पाडावयाचे व अखेरीस ते बुचाने बंद करावयाचे. २०१३ साली डेट्रॉइट येथे हृदयाची झडप बसविताना हा मार्ग प्रथम अवलंबिला गेला. पुढे महारोहिणीच्या दुरुस्तीसाठीही तो उपयोगात आला. याखेरीज, आघात-लहरींनी कठीण थर भंगवून मूळ वाटच रुंद करता येते.

मित्रहो, यांपैकी काहीही आपल्या आरोग्य केंद्रात होणार नाही. परंतु पोटात धडधडणारी गाठ हातास लागणे, ध्वनिलहरींनी तिचे माप घेणे आणि वेळीच रुग्णास पुढे पाठविणे, हे आपल्याच हाती आहे. सी. टी. तपासणी केवळ विस्फाराची न होता जांघेपासून मानेपर्यंतच्या वाटेची व्हावी, असा आग्रह धरावा. ‘रक्तवाहिन्या अरुंद आहेत, आता उपाय नाही,’ असे सांगून कोणासही घरी पाठवू नये, एवढीच विनंती.