गायरान कोणाचे आणि अतिक्रमण कोणाचे?

(खानदेशातील शेतकरी व शेतमजूर बंधूंच्या सभेपुढे केलेले भाषण)



गायरानावर बोलावे असे आपण मला सांगितले. विषय पोटाचा आहे, म्हणून आडपडदा न ठेवता बोलतो. हल्ली गावोगाव आरोळी उठते की, "गायरान मोकळे करा, अतिक्रमणे उठवा." आरोळी वाईट नाही. परंतु ती कोण देतो आणि कोणाच्या झोपडीकडे बोट दाखवून देतो, हे पाहिल्याशिवाय तीत आपला आवाज मिसळू नये.

गायरान म्हणजे मालकी सरकारची आणि उपभोग गावाचा. गुरचरणासाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात होती. तीच १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. कलम २३ प्रमाणे फुकट चराईचा हक्क त्या गावच्या गुरांना आहे. कायदा गुरांच्या धन्याची जात विचारीत नाही, त्याच्या नावावर किती एकर आहेत हेही विचारीत नाही. भूमिहीनाची एक शेळी आणि बागाईतदाराच्या दहा म्हशी यांचा हक्क तेथे सारखाच. फरक इतकाच की, बागाईतदाराला स्वतःच्या बांधावरचे गवत आहे. शेळीवाल्याला गायरान गेले म्हणजे सर्वच गेले.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात जंगलखात्याने गायराने गिळली हे गाऱ्हाणे मांडले आहे. तेव्हा गिळणारा साहेबाचा अंमलदार होता. आज गिळणारा कोण? बंधूंनो, येथे मला थोडे आपल्याच माणसांचे उणे काढावे लागते. आमच्या शेताजवळून गाडीवाट जाते. आजोबांच्या काळी तेथे समोरासमोर दोन गाड्या सुखाने जात. आज एक गाडी गेली तर शेळीला उभे राहावयास जागा नाही. ती वाट भटजीने खाल्ली नाही, शेटजीनेही खाल्ली नाही. आमच्याच नांगराने दरसाल एक-एक तास सरकून खाल्ली. हे मी माझ्या घरापासून सांगतो, म्हणजे कोणास राग येऊ नये.

तेव्हा अतिक्रमणे दोन प्रकारची आहेत. एक पोटासाठी केलेले : भिल्ल, महार, मांग, भटक्या भावांनी खडकाळ तुकडा फोडून त्यावर ज्वारी पेरली. दुसरे हावेसाठी केलेले : ज्याची पंचवीस एकर बागाईत आहे, त्याने शेजारचे गायरान तारेच्या कुंपणात घेतले, नाला बुजविला, पाणंद नांगरली. पहिल्यास गाव अतिक्रमण म्हणते. दुसऱ्यास वहिवाट म्हणते! हाच सारा अन्याय आहे.

सर्वोच्च न्यायालयाने हा भेद जाणला आहे. २८ जानेवारी २०११ रोजी जगपालसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कबजे काढण्याची योजना करण्यास सर्व राज्यांना सांगितले. मात्र भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांस सरकारने जमीन पट्ट्याने दिली असेल, अथवा तेथे शाळा, दवाखाना असेल, तर अपवाद करता येईल असेही म्हटले. आपल्या राज्यानेही २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले होते. परंतु ज्याची नोंदच तलाठ्याने गाव नमुना १-ई मध्ये केली नाही, त्याने पुरावा कोठून आणावा? पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वर्षअखेर गायराने मोकळी करण्याचा हुकूम केला. राज्यातील अतिक्रमणांचा आकडा २ लाख २२ हजारांच्या घरात सांगण्यात आला. गावोगाव नोटिसा लागल्या. नोटीस झोपडीच्या दारावर लवकर चिकटते. तारेच्या कुंपणाला दार नसते.

कोणी म्हणेल, "खाजगी मालकीला हात लावू नका, ती पवित्र आहे." मालकीला आम्ही हात लावीत नाही. ज्याचे शेत त्याचे. परंतु मालकी म्हणजे मनमानी नव्हे, हे खानदेशच्या माणसास कोणी शिकवावयास नको. धुळे जिल्ह्यात पांझरा, कान या नद्यांच्या काठी आपल्या पूर्वजांनी फडपद्धत चालविली. जमीन ज्याची त्याची. पण बंधाऱ्याचे पाणी सर्वांचे. कोणत्या फडात कोणते पीक, हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे, आणि पाटकरी, जागल्या यांनी पाणी न्यायाने वाटावयाचे. वरच्याने पाणी अडविले तर खालच्याचे पीक करपते, म्हणून वरच्याचा हात गावाने धरावयाचा. मालकी आणि सामाईक हक्क एकाच बांधावर सुखाने नांदले, याची साक्ष आपलीच माती देते.

आता करावयाचे काय? ग्रामसभेत गाव नमुना १ आणि १-ई मोठ्याने वाचून घ्या. गायरान किती, शिल्लक किती, कोणाच्या कुंपणात किती, हे मोजणी करून फळ्यावर लिहा. भूमिहीनाचा दावा असेल तर त्याचे कागद निकाली निघाल्याशिवाय त्याचा तुकडा मोडू देऊ नका. कोणी वहिवाटीची वाट अडविली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा करा. भीडेने दिवस घालवाल तर हक्क जाईल. वाटच नसेल तर संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. यावल, चोपडा, शिरपूर, साक्रीकडील आदिवासी बंधूंनी २००६ च्या वनहक्क कायद्याखाली वैयक्तिक पट्ट्याबरोबर गावाचा सामूहिक हक्कही मागावा. एकट्याचा पट्टा वारसांत तुटत जातो, सामूहिक रान तुटत नाही.

आणि शेवटचे : उद्या सकाळी प्रत्येकाने आपापला बांध पाहावा. मी माझ्या भावांना विचारले आहे. या पेरणीआधी आमच्या बाजूचे तास आम्ही मागे घेणार आहोत. दुसऱ्याची झोपडी उठविण्यापूर्वी ज्याने आपला नांगर मागे घेतला, त्यालाच गायरानाची आरोळी देण्याचा अधिकार.