तेरड्याचा रंग आणि मावळतीचे आभाळ

सूर्यास्ताचे छायाचित्र काढण्याची हौस नाही असा कॅमेराधारी विरळाच. परंतु अशा बहुतेक चित्रांत आभाळ तेवढे पेटलेले दिसते आणि खालची भूमी काजळासारखी काळी. असे चित्र कारवारचे की कोल्हापूरचे, हे सांगता येत नाही. सूर्यास्त सगळीकडे सारखाच असतो. तो कोठला हे पायाजवळचे फूल सांगते. म्हणून मावळतीचे आभाळ आणि समोरचे फूल एकाच चित्रात नीट कसे आणावे, याविषयी आज थोडे बोलू.

जोयडा तालुक्यातील गणेशगुडीचे उदाहरण घेऊ. काळी नदीवरील १०१ मीटर उंचीचे सुपा धरण येथे आहे. ते १९८७ साली पुरे झाले. पाऊस ओसरू लागला की या डोंगराळ मुलखात वाटांच्या कडेला गुलाबी तेरडा फुलतो. समोर तेरडा, मागे डोंगरांच्या रांगा आणि त्यांवर सायंकाळचे रंग, असे दृश्य डोळ्यांना सहज दिसते. कॅमेऱ्याला मात्र ते सहज टिपता येत नाही.

याचे कारण साधे आहे. आपली दृष्टी आभाळावरून फुलाकडे वळते, तेव्हा डोळा क्षणात स्वतःला जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एकाच उघडझापीत दोहोंचा प्रकाश घ्यावा लागतो. सावलीतल्या फुलापेक्षा आभाळ चौसष्टपट उजळ असणे यात नवल नाही. आभाळाचे माप धरले तर फूल काळवंडते. फुलाचे धरले तर आभाळ पांढरेफटक होते.

ही अडचण छायाचित्रणाच्या बाल्यापासूनची आहे. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देत. त्यामुळे आभाळ कोरे उमटे. १८५६-५७ च्या सुमारास फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी काही सागरचित्रांत समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी, अशा दोन निगेटिव्ह जोडून एक चित्र साधले. आज संगणकावर दोन चित्रे जुळवतात, ती हीच युक्ती होय. फक्त कॅमेरा तिपाईवर घट्ट हवा आणि वारा पडलेला हवा. दोन चित्रांच्या मध्ये फूल डोलले की जोड उघडा पडतो.

जोडकाम नको असेल, तर वरच्या बाजूस गडद व खाली पारदर्शक असा फिल्टर भिंगापुढे धरावा. आभाळाचा प्रकाश आठव्या हिश्श्यावर आणणारा फिल्टर पुष्कळदा पुरतो. येथे क्षितिज सरळ नसून डोंगरांनी दातेरी झालेले असते. म्हणून गडदपणा हळूहळू विरणारा फिल्टर घ्यावा. याहून स्वस्त उपाय म्हणजे पांढरा पुठ्ठा. तो चौकटीबाहेर, फुलाच्या अलीकडे, आभाळाकडे तोंड करून धरला की परतलेला प्रकाश पाकळ्यांवर पडतो. फ्लॅश वापरावयाचा तर अगदी मंद, आणि त्यावर फिकट नारिंगी पापुद्रा लावून; नाहीतर संध्याकाळच्या फुलावर दुपार उतरल्यासारखी वाटते.

फूल आणि डोंगर दोन्ही रेखीव हवेत, तर चोवीस मिलिमीटरचे भिंग पूर्ण आकाराच्या कॅमेऱ्यावर एफ-११ ला ठेवून नेम पावणेदोन मीटरवर धरावा. मग सुमारे नव्वद सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सारे बऱ्यापैकी स्पष्ट येते.

सर्वांत मोठी युक्ती मात्र धीराची. सूर्य बुडताच पुष्कळ जण सामान आवरतात. वास्तविक त्यानंतरच आभाळाचा झगमगाट उतरतो, फुलावर मऊ उजेड राहतो आणि दोहोंतील अंतर कमी होते. आपल्या अक्षांशावर सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. म्हणून हा संधिप्रकाश वीस-बावीस मिनिटांचाच. तेवढ्यासाठी तयारी आधीच झालेली असावी.

एक पथ्यही सांगितले पाहिजे. चित्रासाठी फूल तोडून हव्या त्या जागी खोचू नये, आणि एका फुलासाठी दहा रोपे तुडवू नयेत. तेरड्याचे रंग तीन दिवस, असे आपण म्हणतो. ते तीन दिवस तरी त्याला लाभू द्यावेत. धरणाच्या भिंतीपाशी परवानगीवाचून कॅमेरा काढू नये.

याच जलाशयाखाली जुने सुपा गाव गेले आणि तेथील पुष्कळ कुटुंबांना रामनगरला नवी घरे मांडावी लागली. त्यांतील एखाद्याच्या पेटीत जुन्या अंगणाचे छायाचित्र असेल, तर त्या सायंकाळी आभाळाला कोणता रंग होता हे तो विचारणार नाही. उंबरा कोठे होता, तुळस कोठे होती, दारापुढे कोणते फूल होते, हेच तो शोधील. आभाळ उद्याही येईल. पायाजवळचे राहीलच असे नाही. म्हणून प्रकाशाचे माप घेताना पहिला मान त्या फुलाला द्यावा.