पत्रिकेसोबतची चिठ्ठी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, गांधीबाग, नागपूर येथे झालेले भाषण)



चिटणीसांनी विषय निवडण्याची मोकळीक आम्हांस दिली, तेव्हा आम्ही शिक्षणावर किंवा हुंड्यावर बोलू अशी पुष्कळांची समजूत झाली असावी. त्या विषयांचे अधिकारी वक्ते समाजात आहेत. आम्ही आज एका लहानशा कागदाविषयी बोलणार आहोत. लग्नपत्रिकेच्या पाकिटात हल्ली जी दुसरी, कधी कधी तिसरीही, चिठ्ठी घातलेली असते, तो हा कागद. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या ज्या कारणांनी आपल्यांतील दोन घरांचे येणेजाणे थांबले, त्यांत हा कागदही आहे, हे येथे बसलेल्या काहींस ठाऊक आहे.

आमचा याच्याशी संबंध असा की, आयुष्यभर प्राथमिक शाळेत आम्ही मुलांना पत्रलेखन शिकविले, आणि निवृत्तीनंतर गल्लीतील मंडळी पत्रिकेचा कच्चा छाप घेऊन आमच्या ओसरीवर येऊ लागली. "गुरुजी, तेवढे ऱ्हस्वदीर्घ पाहून द्या." गांधीबाग हा कापडाचा ठोक बाजार. विदर्भातील किती घरांनी येथे लग्नाचा बस्ता बांधला असेल याची गणती नाही. बस्ता बांधला की त्याच फेरीत पत्रिकेचेही काम उरकण्याची रीत आहे. त्यामुळे आपल्या समाजाच्याच नव्हे, इतरांच्याही पत्रिका आमच्या नजरेखालून जातात.

जुनी पत्रिका एकाच कागदाची असे. वर श्रीगणेश आणि कुलदैवत, मग "आमचे येथे श्रीकृपेंकरून", मग वधूवरांची नावे, तिथी, मुहूर्त, आणि शेवटी सहकुटुंब सहपरिवार येऊन कार्य सिद्धीस न्यावे ही विनंती. चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावले की झाले. मजकूर इतका थोडा पुरे, कारण उरलेला मजकूर माणसे सांगत. कुंकू-अक्षत घेऊन कोणीतरी दारी येई, आणि आमंत्रण चूलबंद आहे की घरटी एक, हे तोंडीच कळे. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटावयाची नाही. लेकरांबाळांसह सर्वांनी मांडवात जेवावे. या दोन शब्दांत यजमानाची ऐपतही सांगितली जाई आणि पाहुण्याचा मानही राखला जाई.

पत्ता विचारण्याचीही गरज नसे. उमरेड, भिवापूर, नागभीडकडील पाहुणा छोट्या गाडीने इतवारीस उतरे आणि कोणासही विचारीत मांडवापर्यंत येई. ती अरुंद रुळांची गाडी रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झाली. इतवारी स्थानकाला आता नेताजी सुभाषचंद्र बोसांचे नाव आहे. मांडव दारी न पडता वर्धा रोडला, काटोल रोडला, कोराडी रोडला कोठे तरी लॉनवर पडतो. हळद एका जागी, लग्न दुसऱ्या जागी, जानवसा तिसऱ्या जागी. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळिशीच्या पुढे जातो, आणि अशा उन्हात सत्तरीची बाई हातात पत्रिका धरून एका लॉनवरून त्याच धर्तीच्या नावाच्या दुसऱ्या लॉनवर हिंडते, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. पत्रिकेवर त्या जागेचे नाव मोठ्या वेलबुट्टीदार अक्षरांत होते. रस्ता नव्हता.

म्हणून चिठ्ठी हवी. तिला फॅशन म्हणून नाके मुरडणाऱ्या वडीलधाऱ्यांशी आमचा येथे मतभेद आहे.

परंतु या चिठ्ठीचे एक दुसरेही कूळ आहे. इंग्रजी समाजात विवाहविधीचे निमंत्रण पुष्कळांना जाते, आणि त्यानंतरच्या मेजवानीचे छोटे वेगळे पत्र, निवडक लोकांच्याच पाकिटात घालण्याचा प्रघात आहे. त्याबरोबर उत्तराचेही पत्र असते. आर. एस. व्ही. पी. ही जी अक्षरे आपण कौतुकाने छापतो, ती मुळात फ्रेंच असून त्यांचा अर्थ "कृपया उत्तर द्यावे" एवढाच आहे. आपल्याकडे मात्र त्यांच्याखाली चार काकांची नावे छापतात आणि उत्तर कोणीच देत नाही! तेही असो. त्यांच्याकडे ही रीत सर्वांना ठाऊक असल्याने कदाचित कोणास लागत नसेल. आपल्याकडे पंगत हा नुसता जेवणाचा प्रकार नाही. पंगतीस कोण बसला आणि कोणास बसविले नाही यावर आपल्या आजापणज्यांचे तंटे झाले, आणि समाजाच्या मंडळांचा पुष्कळसा वेळ ते मिटविण्यात गेला.

आमच्या परिचयातील एका घरची गोष्ट सांगतो. नावाचे कारण नाही. पत्रिका सर्वांस एकच गेली. दुपारची पंगत सर्वांना होती. सायंकाळी मात्र दुसऱ्या लॉनवर स्वागतसमारंभ आणि भोजन होते, आणि त्याची सोनेरी काठाची चिठ्ठी काही पाकिटांतच होती. वधूचे एक चुलतकाका खेड्यावरून आले होते. शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थ सहज म्हणाले, "मग संध्याकाळी भेटूच." काकांना काही उमगेना. गृहस्थांनी खिशातून चिठ्ठी काढून दाखविली. काकांनी ती वाचली, परत दिली, अक्षता टाकल्या, आहेर केला, आणि तिसऱ्या प्रहरच्या एस. टी. ने ते परतले. कोणास एक शब्द बोलले नाहीत. पुढे त्यांच्या घरचे कार्य निघाले. या घरी पत्रिका आली, पण टपालाने. अक्षत घेऊन कोणी आले नाही.

यजमानांची बाजूही आम्ही ऐकली आहे. ताटामागे दर ठरतो, लॉनचे भाडे वेगळे, कचेरीतील वरिष्ठांना बोलवावेच लागते, सर्वांना दोन्ही वेळा जेवू घालणे परवडत नाही. यात खोटे काही नाही. पण २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या साथीत शासनाने लग्नाला २५ माणसांची आणि २ तासांची मर्यादा घातली होती, ते दिवस आठवा. सख्ख्या भावंडांना बोलावता आले नाही, तरी कोणी रुसले नाही. कारण नियम सर्वांना एक होता. माणसे थोडी बोलवावीत, एकच वेळ जेवू घालावे, अथवा सायंकाळी केवळ सरबत द्यावे. एकाच मांडवातील दोन पाकिटांत दोन प्रकारचा मजकूर मात्र नसावा. पाहुण्याचा उपयोग पाहून घातलेली चिठ्ठी आणि पाहुण्याची प्रतवारी करणारी चिठ्ठी, या दोहोंचा कागद सारखाच दिसतो, यास्तव हे स्पष्ट बोलावे लागते.

आता चिठ्ठीत काय असावे. जागेचा पत्ता चौकाच्या खुणेसह द्यावा. मेट्रोची प्रजापतीनगरची वाट डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून चितार ओळी चौक आणि अग्रसेन चौक ही स्थानके आपल्या गांधीबागेस जवळची आहेत. कार्य येथेच असेल तर तसे लिहावे. पत्त्यात पिनकोड घालावा. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात आली, आणि ती योजणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस व संस्कृतचे कवी होते, हे मुलांना अवश्य सांगावे. फोनचा क्रमांक वधूपित्याचा देऊ नये. त्या दिवशी त्याला फोन कानास लावण्याची फुरसत नसते. घरी अथवा जानवशावर बसून राहणाऱ्या एखाद्या मेहुण्याचा द्यावा. मुहूर्ताची वेळ आणि जेवणाची वेळ वेगळ्या लिहाव्यात. वरात नाचत नाचत दीड तास उशिरा येते, आणि मधुमेहाचे रुग्ण उपाशी बसतात. जिना किती, लिफ्ट आहे की नाही, हेही लिहावे. रात्री बारानंतरच्या गाडीविषयी लिहिताना तारीख जपून घालावी. पंचांगाचा वार सूर्योदयास बदलतो, रेल्वेचा मध्यरात्री, आणि या फरकाने एक मामा पुरे चोवीस तास उशिरा पोहोचल्याचे आम्ही जाणतो.

वधूवरांची नावे, विवाहाची तारीख आणि स्थळ हे मात्र मूळ पत्रिकेवरच असले पाहिजे. ते चिठ्ठीवर ढकलू नये. आपल्या राज्यात विवाहनोंदणी १९९८ च्या कायद्याने होते, आणि नोंदणीच्या अर्जासोबत लग्नपत्रिका मागतात. तेथे चिठ्ठी कोणी पाहणार नाही.

चिठ्ठी जाड पुठ्ठ्याची करू नये. टपालाचा दर २० ग्रॅमच्या टप्प्याने वाढतो, आणि कमी तिकिटाचे पाकीट पाहुण्याच्या दारी नॉटपेड होऊन जाते; मग कमी पडलेल्याच्या दुप्पट दाम पाहुण्यालाच मोजावे लागतात. साध्या कागदाची पट्टी पुरे. पत्रिकेचा कागद कापताना उरलेल्या पट्टीवरही ती छापता येते.

काही तरुण मंडळी म्हणतील की व्हॉट्सॲपवर नकाशा धाडला की काम झाले. धाडावा. परंतु पत्रिकेचे छायाचित्र काढताना चिठ्ठी पाकिटातच राहते, हे आम्ही वारंवार पाहिले. शिवाय लग्नपत्रिकेच्या नावाखाली फोनमध्ये घातक फाईल धाडून लोकांना लुबाडण्याचे प्रकार घडू लागले, आणि २०२४ साली हिमाचल प्रदेशच्या पोलिसांना लोकांस सावध करावे लागले. तेव्हापासून आमच्या वयाची माणसे अशी फाईल उघडण्यास कचरतात, आणि ते योग्यच आहे.

अध्यक्षांनी घंटी वाजविण्यापूर्वी एक निवेदन. चिठ्ठीचा एक नमुना आम्ही तयार करून मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. नावे, पत्ता आणि वेळा यांच्या जागा कोऱ्या सोडल्या आहेत. छपाईस देण्यापूर्वी ज्यांना मजकूर तपासून हवा असेल त्यांनी सायंकाळी पाचनंतर यावे. चष्मा आमच्याजवळ असतो, पेन्सिल मात्र सोबत आणावी.