बंब, बॉयलर आणि बँकेतली ठेव



सोन्याचांदीच्या गलाईसाठी खानापूर-आटपाडीकडून चेन्नईत आलेल्या अनेकांच्या गावच्या घरी तांब्याचा बंब असायचा. युरोपात त्याचाच मोठा भाऊ आहे. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर, म्हणजे पेलेटवर चालणारा हा बॉयलर अख्खे घर उबदार ठेवतो. तिथे हिवाळ्यात कित्येक महिने तो रोज पेटतो, म्हणून त्याची किंमत वसूल होते.

चेन्नईत जानेवारीतही पहाटेचा पारा 20-21 अंशांच्या आसपास असतो. इथे घर तापवायचे नाही, फक्त अंघोळीचे पाणी तापवायचे आहे. तेव्हा पेलेटचे असो वा सोलरचे, ‘पैसे वाचवणारे’ यंत्र कोणी दाखवले, तर ठेव मोडण्याआधी हा हिशेब करा.

एक युनिट वीज सुमारे 57 लिटर पाणी 15 अंशांनी तापवते. घरात चार माणसे, माणशी 20 लिटरची एक बादली, म्हणजे 80 लिटर. गळती धरून रोज 2 युनिट लागतील असे समजू. थंडी-पावसाचे 90 दिवस धरले तर 180 युनिट झाले. युनिटला 8 रुपये धरले, तर वर्षाचा खर्च 1,440 रुपये.

समजा, यंत्र 30,000 रुपयांचे आहे. इंधन फुकट मिळाले तरी वर्षाला वाचणार 1,440. तेच 30,000 रुपये 6 टक्क्यांच्या ठेवीत राहिले, तर वर्षाला 1,800 रुपये व्याज मिळते आणि मुद्दलही शिल्लक राहते!

हेच यंत्र गावी बारा महिने चालून रोज 4 युनिट वाचवत असेल, तर वर्षाला 11,680 रुपये वाचतात. तीन वर्षांच्या आत किंमत वसूल. यंत्र तेच, पण हिशेब उलटा.

‘शून्य टक्के व्याजाच्या’ हप्त्यालाही भुलू नका. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावले आहे. रोख घेतल्यास किती सूट मिळेल आणि प्रक्रिया शुल्क किती, हे दुकानदाराला आधी विचारा.

आज घरी गेल्यावर विजेचे बिल काढा. तमिळनाडूत ते दोन महिन्यांचे येते, हे लक्षात ठेवा. थंडीतले बिल उन्हाळ्यातल्या बिलाशेजारी ठेवा. पंखे आणि एसी उन्हाळ्यात किती खातात, तेही दिसेल. खरी बचत कदाचित तिथेच असेल.

यंत्राची किंमत भागिले वर्षाची बचत, एवढा एकच भागाकार करा. उत्तर यंत्राच्या आयुष्यापेक्षा मोठे आले, तर ठेव आहे तिथेच राहू द्या.