किनाऱ्याला साजेशी नौका



नौदलाच्या सामर्थ्याचा विषय निघाला की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम विमानवाहू नौका उभी राहते. त्यात वावगे काही नाही. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीच्या गोदीत बांधलेली सुमारे ४५ हजार टनांची ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली, तेव्हा प्रत्येक भारतीयाचा ऊर अभिमानाने भरून आला. परंतु खोल समुद्रावर हुकमत गाजवणे आणि आपल्या घराचा उंबरठा राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामासाठी घडवलेली नौका दुसऱ्या कामी येईलच असे नाही.

हा धडा महाराष्ट्राने रक्त सांडून घेतला. १९९३ च्या आरंभी रायगडच्या किनाऱ्यावर, दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ निरपराधांचे बळी गेले. पुढे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कराचीहून निघालेले दहा दहशतवादी ‘कुबेर’ ही भारतीय मच्छीमार नौका बळकावून मुंबईजवळ आले आणि एका रबरी होडीतून कुलाब्याच्या कोळीवस्तीपाशी उतरले. नौदलाच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय तेथून फारसे दूर नाही. बंदरात बलाढ्य युद्धनौका होत्या, क्षेपणास्त्रे होती. उणीव होती ती हजारो मचव्यांच्या गर्दीत शिरून परका मचवा हुडकणाऱ्या चपळ, लहान गस्तीनौकांची आणि त्यांना वेळेवर खबर देणाऱ्या व्यवस्थेची.

आश्चर्य याचे की हे शहाणपण या किनाऱ्याला नवे नव्हते. १६७९ साली शिवछत्रपतींनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला उभारण्यास आरंभ केला, तेव्हा इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. त्यांच्या ‘रिव्हेंज’ जहाजावर मोठ्या तोफा होत्या. समोरासमोरच्या मारगिरीत मराठ्यांची गलबते तिच्यापुढे टिकणे कठीण होते. पण गलबतांना पाणी थोडे लागे. वारा पडला तरी ती वल्ह्यांवर चालत, खडकांमधून वाट काढत आणि रात्रीच्या अंधारात नागावच्या बाजूने बेटावर रसद पोहोचवत. अवजड जहाजांना त्या उथळ पाण्यात त्यांचा पाठलाग करता येईना. १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांची ‘डोव्हर’ ही गुराबच मराठ्यांच्या हाती लागली. अखेर १६८० च्या आरंभी इंग्रजांनी समेट केला आणि खांदेरी स्वराज्यातच राहिली.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आरमाराचे प्रकरण या दृष्टीने पुनःपुन्हा वाचण्यासारखे आहे. गुराबा फार थोर नकोत, फार लहानही नकोत. वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशा अवजड जहाजांच्या मागे लागू नये. प्रत्येक सुभ्यास पाच गुराबा आणि पंधरा गलबते असावीत, असा त्यांचा सांगावा आहे. त्याच प्रकरणात, आंबा-फणसाचे लाकूड आरमाराच्या कामाचे असले तरी रयतेच्या त्या झाडांना हात लावू नये, अशीही ताकीद आहे. आरमार ज्यांच्यासाठी, त्यांनाच त्याचा जाच व्हावा, हे त्या राज्यकर्त्यांना मान्य नव्हते.

आता आजचा हिशेब पाहावा. नव्या मोजणीनुसार भारताचा किनारा ११ हजार किलोमीटरहून अधिक भरतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, हे आपले प्रादेशिक पाणी. आणि २०० सागरी मैलांपर्यंत आपला आर्थिक हक्क. खाडीच्या मुखाशी जी नौका उपयोगी, ती दोनशे मैलांवर बुडेल आणि जी दोनशे मैलांवर टिकेल, ती खाडीत रुतेल. म्हणून एकच ‘सर्वगुणसंपन्न’ नौका मागणे हा भाबडेपणा होय. २००८ नंतर नौदलाने सागर प्रहरी बल उभारून ८० शीघ्रगती नौकांची योजना केली, ती याच जाणिवेतून. काठाजवळ जलझोतावर चालणारी नौका सोयीची, कारण तिला उघडा पंखा नसतो. उथळ पाण्यात तो आपटण्याचे किंवा कोळ्यांच्या जाळ्यात गुंतण्याचे भय टळते. मात्र अशा वेगवान नौकेला इंधन फार लागते आणि पावसाळ्यातला खवळलेला दर्या तिला झेपत नाही. तेथे तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरवाहू मोठ्या गस्तीनौकाच हव्यात.

पाणबुडीचा धोका आणखी निराळा. त्यासाठी उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणाऱ्या सोळा नौकांचे करार २०१९ मध्ये कोलकाता आणि कोची येथील गोद्यांशी झाले. त्यांपैकी पहिली १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे दाखल झाली. लांबी अवघी सुमारे ७७ मीटर. नाव मात्र वसईजवळच्या दुर्गाचे, ‘अर्नाळा’.

शांतताप्रिय राष्ट्राची नौका केवळ तोफांच्या संख्येवर निवडता येत नाही. मे २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यासमोर ‘एमएससी एल्सा ३’ हे मालवाहू जहाज बुडाले. त्यावरील चोवीसही जणांना तटरक्षक दल आणि नौदलाने वाचवले आणि मग तेलाचा तवंग आवरण्याचे काम सुरू झाले. तेथे तोफ नव्हे, तवंग आवरण्याची सामग्रीच कामाची होती.

खरेदी झाली म्हणजे संरक्षण झाले, ही आपल्याकडची जुनी समजूत. किनारी सुरक्षा योजनेच्या पहिल्या टप्प्यात राज्यांच्या पोलिसांसाठी २०४ नौका मंजूर झाल्या. त्यांतील कित्येक इंधन, दुरुस्ती आणि प्रशिक्षित खलाशी यांच्या अभावी धक्क्याला बांधलेल्या राहिल्याचे महालेखापरीक्षकांच्या अहवालांतून दिसून आले. नव्या नौकेचे जलावतरण समारंभाने होते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे येतात. तिच्या इंजिनाच्या पाचव्या वर्षीच्या दुरुस्तीला कोण पाहुणा येणार? तेव्हा नौका निवडणाऱ्याने विक्रेत्याला वेग विचारण्याआधी तिचे सुटे भाग रत्नागिरीत किती दिवसांत मिळतील आणि ती चालवणारा तांडेल कोठून येणार, हे विचारले पाहिजे. कोकणातल्या कोळीवाड्यांत भरती-ओहोटी आणि खडक तोंडपाठ असलेले तरुण आहेत. त्यांना किनारी पोलिसांत भरती करून घ्यायला कोणत्याही परदेशी कंपनीशी करार करावा लागत नाही.