गावाने पाळलेला दीड तास

घरातील मूल बिघडले म्हणजे दोष आईबापांचा, असे म्हणण्याची समाजात जुनी रीत आहे. ती अगदीच निराधार नाही. पण अपुरी आहे. मुलाची वागणूक एका घराच्या चार भिंतींत घडत नसते. शेजारच्या ओसरीवर काय चालते, बरोबरीचे सोबती कशात रमतात, वडीलधारी माणसे संध्याकाळ कशी घालवितात, या सर्वांचा ठसा तिच्यावर उमटतो. म्हणून जी सवय साऱ्या वस्तीला जडली आहे, ती सोडविणे एकट्या घराच्या आवाक्यातले राहत नाही. सांगली जिल्ह्यातील एका खेड्याने सन २०२२ मध्ये हे ओळखले आणि त्यावर उपायही केला. शहरातील कुटुंबांनीही त्याचा विचार करावा, असा तो उपाय आहे.

कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे ते गाव. वस्ती सुमारे ३ हजारांची. बहुतेक लोक शेतकरी किंवा साखर कारखान्यातील कामगार. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभर शाळा बंद झाल्या आणि अभ्यास मोबाइलवर आला. जी वस्तू मुलांच्या हाती पडू नये म्हणून आईबाप जपत, तीच त्यांना स्वतःच्या हाताने मुलांस द्यावी लागली. पुढे साथ ओसरली, शाळा भरू लागल्या. पण हातातला मोबाइल काही सुटला नाही. शाळेतून आलेले मूल दप्तर टाकून मोबाइल घेऊन बसे, नाही तर टीव्हीपुढे. त्याला बोलावे, तर बोलणारी माणसेही त्याच छंदात गुंतलेली!

रोज संध्याकाळी काही वेळ साऱ्या गावाने मोबाइल व टीव्ही बंद ठेवावेत, असा तोडगा सरपंचांनी सुचविला. प्रथम पुरुषमंडळींनी तो हसण्यावारी नेला. तेव्हा स्त्रियांची सभा बोलाविण्यात आली. मालिका व मोबाइल यांत आपलाही फार वेळ जातो, हे स्त्रियांनी मोकळेपणाने मान्य केले आणि नेम धरायचा तर साऱ्या गावाने धरावा, असे मत दिले. १४ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, निर्णय पक्का झाला. भैरवनाथाच्या देवळावर भोंगा बसविण्यात आला. सायंकाळी ७ वाजता तो वाजला की मोबाइल व टीव्ही बंद, ८.३० वाजता पुन्हा वाजला की मोकळीक. मधला दीड तास अभ्यासाचा, वाचनाचा आणि घरातल्या माणसांनी एकमेकांशी बोलण्याचा. अर्थात नुसत्या भोंग्याने हे साधले नाही. आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन लोकांची समजूत घातली.

या नेमाचे मर्म कोठे आहे? त्याच वर्षी, नोव्हेंबर महिन्यात, यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी करण्याचा ठराव केला. दोन्ही गावांची कळकळ एकच. मार्ग मात्र निरनिराळे. केवळ मुलांसाठी केलेला नियम मुलांच्या मनात एक प्रश्न ठेवून जातो: ‘मोठ्यांना चालते, मग आम्हांलाच का नाही?’ या प्रश्नाला बहुतेक घरांत नीट उत्तर नसते. वडगावच्या नेमात तो उद्भवतच नाही. बाप स्वतः मोबाइल खाली ठेवतो, आई मालिका सोडते, तेव्हा मुलाला उपदेश करण्याची फारशी गरज उरत नाही. ‘शेजारचा पाहतो, मग मीच काय घोडे मारले?’ हा दुसरा प्रश्नही मिटतो. कारण त्या वेळी शेजारच्याही घरी टीव्ही बंदच असतो. एका घराने पाळला असता जो नेम मुलाला शिक्षेसारखा वाटला असता, तोच साऱ्या गावाने पाळला म्हणजे रीत होते.

यावर एक आक्षेप असा घेता येईल की, कोणी आपल्या घरात काय पाहावे, हे गावाने का ठरवावे? आक्षेप गैर नाही. समजूत संपून धाक सुरू झाला, तर अशा नेमाचा जाच व्हावयास वेळ लागणार नाही. म्हणूनच हसणाऱ्यांवर हुकूम न बजावता आधी स्त्रियांची सभा भरली आणि घरोघर बोलणे झाले, ही गोष्ट भोंग्याहून महत्त्वाची आहे. नेम टिकतो तो संमतीवर.

दुसरी मर्यादाही ध्यानात ठेविली पाहिजे. सवय निराळी आणि आजार निराळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगांच्या वर्गीकरणात मोबाइल वा संगणकावरील खेळांच्या अनावर नादाला आजार म्हणून स्थान मिळाले आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अग्रक्रम मिळणे, नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणे, आणि हे सामान्यतः वर्षभर टिकणे, ही त्याची लक्षणे. अशा मुलाला भोंगा पुरणार नाही. त्याला वैद्यकीय मदतच हवी. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक अशा मदतीसाठीही आहे. मात्र मूल सवयीच्या पलीकडे गेले आहे, हे घरच्यांच्या लक्षात येण्यास त्यांनी दिवसातून काही वेळ त्याच्याकडे पाहिले तरी पाहिजे. तेवढी सवड हा दीड तास देतो.

शहरात देऊळ एक नाही, भोंगा नाही, शेजाऱ्याचे नावही पुष्कळदा ठाऊक नसते. तरीही एका जिन्यावरच्या चार बिऱ्हाडांना एक वेळ ठरविणे अशक्य नाही. पाणी कोणत्या वेळी सोडावे, वाहन कोठे उभे करावे, यासाठी सोसायटीच्या सभा भरतातच. मुलांची संध्याकाळ कशी जावी, हा विषयही अशा एखाद्या सभेपुढे ठेविता येईल. मात्र त्या सभेत मुलांचे दोष मोजण्याआधी प्रत्येक मोठ्या माणसाने आपला मोबाइल किती वेळ हातात असतो, ते सांगावे. वडगावच्या स्त्रियांनी आरंभ तेथूनच केला होता.